पिशवी कोण सांभाळणार?

“बरोबर पोरं न्हाईत, मग तुमी दोघं तितं जाऊन करणार काय ओ?”

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या विश्रामबागेत मला इतक्या जणींनी विचारला की आता त्याचं उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हणते. वाचक भगिनींनो, आम्ही काही मोठी माणसं नव्हेत. आमच्या ह्यांची एकतीस वर्षं सूतगिरणीत गेली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. मी मिरजेच्या एका दवाखान्यात आया होते. विश्रामबाग स्टेशनच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर आहे. मुलगा पिंपरीला नोकरीस, मुलगी लग्न होऊन जतला. दोघंही निवृत्त झालो आणि घरात एकदम सामसूम झाली. तेव्हा मी ह्यांना म्हटलं, “अहो, आपण कधी पाळण्यात बसलोय का?”

ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “तुला आठवतंय का बघ. मला तर काही आठवत नाही.”

मलाही आठवत नव्हतं. मिरजेला मीरासाहेबांच्या उरसात दरवर्षी पाळणे येतात. आम्ही पोरांना घेऊन न चुकता जायचो. पण खिशात पैसे मोजूनच असत. दोन पोरांची दोन तिकिटं काढली की आम्ही दोघं खाली उभे. माझ्या एका हातात पोरांच्या चपला, दुसऱ्या हातात पिशवी. वरून पोरगी ओरडायची, “आई, मला सांगली दिसतीया!” मी खालून मान हलवायची. त्या उंचीवरून सांगली कशी दिसते, कृष्णेवरचा आयर्विन पूल दिसतो की नाही, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. माझ्या आईनं तर पाळणा लांबूनच पाहिला. उन्हातान्हात भांगलणीला जाणारी बाई, ती कुठली पाळण्यात बसते?

पुढं माझ्या वाचनात एक गोष्ट आली. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचा चित्रपटवाला होता, मिकी माऊसचा बाप. तो सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या बागेत न्यायचा. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात फिरायच्या आणि हा बाकावर बसून राहायचा. बसून बसून कंटाळला, आणि त्याच्या मनात आलं की आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का असू नये? त्यातूनच १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं, असं तो स्वतः सांगत असे. मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “त्याला बसायला बाक तरी होता.”

तर आमच्या भटकंतीची सुरुवात अशी. पण त्याआधी एक गोराईचं सांगायला हवं.

आपल्या लोकांचा प्रवास म्हणजे ६ डिसेंबरला दादर, जमलं तर एकदा नागपूर. त्याशिवाय लग्नं आणि मयती. मुंबईला आम्ही कितीदा गेलो, पण चैत्यभूमीवरून थेट परत स्टेशन. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, त्याची जाहिरात टीव्हीवर लागली की आमची दोन्ही पोरं सगळं काम टाकून टीव्हीसमोर येऊन बसत. नेऊ, नेऊ म्हणता म्हणता पोरांना मिशा आल्या, पदर आले. पुढं तिथंच शेजारी विपश्यनेचा जागतिक पॅगोडा झाला, २००९ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसतील एवढा मोठा घुमट आणि आत एकही खांब नाही. आमच्या वस्तीची बस करून आम्ही तो बघायला गेलो. बोट एकच, धक्का एकच. पॅगोड्याला जाणारे आणि एस्सेलवर्ल्डला जाणारे एकाच बोटीत, एकाच बाकावर. शांत घुमटाखाली बसून बाहेर आलो, तर आमच्यातले निम्मे बापे कुंपणापलीकडच्या उंच पाळण्याकडं मान वर करून बघत उभे! नातवंडं बघत होती म्हणावं तर बसमध्ये एकही नातवंड नव्हतं. सगळे पन्नाशीच्या पुढचे. कुणी काही बोललं नाही. बोटीत बसलो आणि आलो. ते एस्सेलवर्ल्ड आता बंद पडलं आहे. शेजारचं वॉटर किंगडम, १९९८ सालचं, ते तेवढं राहिलं.

मुलाला फोनवर सांगितलं की आम्ही दोघं खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार. तो म्हणाला, “आई, गुडघे? आणि अण्णांचं बी.पी.?” सून म्हणाली, “आम्ही मेमध्ये येऊ की बरोबर, पोरांना सुट्टी लागली की.” मी म्हटलं, नको. मेमध्ये मी पुन्हा पिशवी धरूनच उभी राहणार. आम्हाला फेब्रुवारीत जायचं होतं, शाळा चालू असताना, मधल्या वारी. पोरं बरोबर नसण्याचा हा पहिला फायदा ध्यानात ठेवा. शनिवार-रविवारी आणि दिवाळी-मेच्या सुट्टीत ज्या रांगेत तास जातो, तीच रांग परीक्षेच्या दिवसांत मंगळवारी-बुधवारी अगदी लहान असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये. घाटाखालचा पाऊस म्हणजे पाऊस. विजा कडाडल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात आणि तिकीट फुकट जातं.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. पिंपरीहून पहाटे बस धरली, खोपोलीला उतरलो, तिथून पाली रस्त्यानं रिक्षा. दोघांचं तिकीट, प्रवास आणि खाणं धरून आमच्या घरचा महिन्याचा किराणा गेला, हे लपवत नाही. वस्तीतल्या एका काकांनी तर तोंडावर ऐकवलं की एवढ्यात विहाराला दोन पंखे आले असते. विहाराची वर्गणी आम्ही कधी चुकवलेली नाही, पावत्या आहेत. पण त्यांचं बोलणं मला लागलं. आपल्यात माणूस पोरांसाठी खर्च करतो, समाजासाठी करतो, दवाखान्यासाठी तर कर्ज काढून करतो. स्वतःच्या हसण्यासाठी चार पैसे काढले की चोरी केल्यासारखं तोंड लपवायचं, हे मला पटत नाही.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसते ती पाट्या. हृदयविकार असलेल्यांनी बसू नये, उच्च रक्तदाब असलेल्यांनी बसू नये, पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये, गरोदर स्त्रियांनी बसू नये. पोरं बरोबर असली की ह्या पाट्यांकडं आपलं लक्ष जात नाही, उंचीच्या पट्टीशी पोराला उभं करण्यातच जीव गुंतलेला असतो. साठीच्या माणसाला ह्या पाट्याच आधी वाचायला लागतात आणि वाचाव्यातच. ‘नायट्रो’ म्हणून एक प्रचंड घसरगाडी आहे, पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबकळत जातात. ती आम्ही लांबूनच बघितली. बघायलाही धाडस लागतं.

मग ‘राजासॉरस’ची पाटी वाचली. होडीत बसून अंधाऱ्या जंगलातून जायचं, दोन्ही बाजूंना डायनासोर, आणि शेवटी उंचावरून होडी धाडकन पाण्यात. राजासॉरस हा आपल्याकडचाच प्राणी बरं का, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव दिलं. ह्यांनी पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

“जा तू.”

“आणि तुम्ही?”

“मी बसतो हितं. चप्पल काढायची असली तर दे.”

एकतीस वर्षं सुताच्या धुळीत काढलेला माणूस, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला. मी कॉलेजच्या चार पोरींच्या मागच्या बाकड्यावर जाऊन बसले. पुढची मागं वळून म्हणाली, “आजी, घट्ट धरा हं.” होडी वर चढताना मला वाटलं, आपण कशाला आलो! आणि खाली कोसळताना मी जी ओरडले, ती तशी माझ्या दोन्ही बाळंतपणांतही ओरडले नव्हते. दवाखान्यात रात्री बायकांना “ओरडू नका, शेजारच्या खाटा जागतील” असं सांगण्यात माझा जन्म गेला. इथं ओरडल्यावर सगळे हसतात. भिजून चिंब बाहेर आले तर हे उभे राहून टाळ्या वाजवत होते, पिशवी खाली पडलेली.

ह्यांना जमेल असंही तिथं बरंच आहे. ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्चीत बसवतात, पाय अधांतरी, समोर भला मोठा पडदा, आणि आपण भारतावरून उडत चाललो आहोत असं वाटतं. ह्यांनी विमान कधी पाहिलं नव्हतं, दोनदा बसले त्यात. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरचाही एक खेळ आहे, पण त्यात खुर्च्या गचके देतात. मानेचा पट्टा लावणाऱ्यांनी टाळावा. एकंदरीत इमॅजिकाचं माझं मत असं की ज्याचं शरीर धडधाकट आहे, त्याला दिवस पुरत नाही, ज्याला बी.पी. आहे, त्याला दुपारी चारनंतर बाकावर बसायला लागतं. चालणं फार आहे. बसायला सावली शोधून ठेवावी. बाहेरचं खाणं बहुतेक सगळ्याच पार्कांत आत नेऊ देत नाहीत. एका ठिकाणी दारावरच्या पोरानं आमच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून ठेवला होता, आणि संध्याकाळी परत दिला तेव्हा वासानंच ओळखला! भाकरी दाराबाहेर झाडाखाली बसून खावी आणि मग आत जावं.

पुढच्या वर्षी बंगळूरला गेलो. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली की रात्रभरात बंगळूर. म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ वंडरला आहे, २००५ सालचं. ते केरळातल्या माणसाचं. त्यांनी आधी २००० साली कोचीला असंच एक काढलं होतं. इथं कोरड्यातले पाळणे आहेतच, पण आमच्या वयाला खरी मजा पाण्यात.

आता पाण्यात उतरायचं म्हणजे कपड्यांचा प्रश्न आला. सुती साडी, परकर, सलवार काही चालत नाही. सुती कापड पाणी पितं, जड होतं, घसरगुंडीला अडकतं. नायलॉनचे अंगाबरोबरचे कपडे लागतात. आमच्या वयाच्या बाईला हे ऐकूनच घाम फुटतो. पण कोपरापर्यंत बाह्या आणि पायापर्यंत विजार असलेले पोहण्याचे कपडे मिळतात. सांगलीत मेन रोडला चौकशी करा, नाहीतर पार्कात विकत किंवा भाड्यानं असतात. आपले घेऊन गेलेलं बरं. मी काळे घेतले. अंगावर घालून कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर यायला मला दहा मिनिटं लागली. बाहेर आले तर माझ्यासारख्याच चार कानडी मावश्या तशाच कपड्यांत, एकमेकींचा हात धरून हसत उभ्या. भाषा कळत नव्हती, हसणं कळलं.

लाटांचा एक मोठा हौद आहे. भोंगा वाजला की समुद्रासारख्या लाटा सुरू होतात. शेकडो माणसं त्या एका पाण्यात. कोण कुठला, कुणाची जात काय, कुणी विचारत नाही, विचारायला सवडही नसते, कारण पुढची लाट नाकातोंडात जात असते. मला तिथं उभ्या उभ्या २० मार्च १९२७ चं महाड आठवलं. पाण्याला हात लावायचा म्हणून डोकी फुटली होती आपल्या माणसांची, त्याला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. ह्यांना सांगितलं तर भोंग्याच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही.

ही आडकाठी फक्त आपल्याच देशात होती असं नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात फनटाउन नावाची अशीच एक बाग होती. मार्टिन ल्यूथर किंग यांची सहा वर्षांची मुलगी टीव्हीवर तिची जाहिरात बघून हट्ट धरून बसली आणि तिथं काळ्या मुलांना प्रवेश नाही, हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळली. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. आमच्या पोरांना आम्ही “पैसे नाहीत” एवढंच सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं, पण त्या बापापेक्षा सोपं होतं.

वंडरलातली दुसरी चांगली गोष्ट म्हणजे संथ नदी. हवा भरलेल्या मोठ्या रबरी चाकात बसायचं आणि पाणी नेईल तिकडं जायचं. काही करायचं नाही. ह्यांचा डोळाच लागला. एकतीस वर्षांची रात्रपाळीची झोप होती ती, मी उठवलं नाही. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा पोऱ्यानं शिट्टी मारून उठवलं. दोन मोठ्या पार्कांत तुलना करायची तर आमच्यासारख्या जोडप्याला मी बंगळूरच सांगेन. पाटी वाचून मागं फिरायची वेळ कमी येते आणि दोघांना बरोबर करता येईल असं जास्त आहे. प्रवास मात्र लांबचा.

लांब नको म्हणणारे लोक आमच्याकडं कोल्हापूरजवळच्या कणेरीला जातात. तिथं मठाच्या आवारात जुन्या खेड्याचं प्रदर्शन आहे. सिमेंटची माणसं, सिमेंटची जनावरं, बारा बलुतेदार आपापल्या कामाला लागलेले, आणि काम इतकं हुबेहूब की बैलाच्या अंगावर हात फिरवावासा वाटतो. कारागिरांना शंभर मार्क. पाळणे नाहीत, धोका नाही, वयस्कर माणसांना सोयीचं. पण मी तिथून गप्पच परत आले. सगळं गाव इतकं स्वच्छ, इतकं हसतमुख. माझी आई ज्या गावातून चालत सांगलीला आली, ते गाव असं नव्हतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना काय सुनावलं, ते ज्यानं वाचलंय त्याला तिथं बसून सुस्कारा सोडता येणार नाही. डिस्नेलाही हाच नाद होता. त्याच्या बागेत शिरल्या शिरल्या जो बाजाररस्ता लागतो, तो त्याच्या लहानपणच्या मार्सेलिन गावावरून केलेला आहे. तो तिथं चार-पाच वर्षंच राहिला, पण त्याला ते गोड आठवत होतं. ज्याला गाव गोड आठवतं त्यानं जरूर बघावं. मला डायनासोर चालतो. त्याच्याशी माझं काही जुनं देणंघेणं नाही.

परदेशातलं सांगायचं तर माझी भाची सिंगापूरला नर्स आहे. तिथं सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओ आहे, २०१० पासून. ती एकटीच जाते. एकट्या माणसासाठी तिथं काही खेळांना वेगळी रांग असते. गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की त्या रांगेतल्या माणसाला बसवतात, त्यामुळं कुटुंबांच्या आधी तिचा नंबर लागतो. ती सांगते की तोक्योजवळ २००१ साली निघालेलं डिस्नेसी तर मोठ्या माणसांचं म्हणूनच ओळखलं जातं, नवराबायको, मैत्रिणी-मैत्रिणी येतात, कुणी विचारत नाही पोरं कुठायत. आणि ह्या सगळ्यांच्या आधीची कोपनहेगनची टिव्होली बाग, १८४३ सालची, तिथं लोक पाळण्याइतकेच बँड ऐकायला जातात. भाची म्हणते, मावशी या. पासपोर्ट काढून ठेवलाय. पुढचं पुढं.

सध्या बेत आहे तो हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीचा. १९९६ सालची, जगातली सगळ्यात मोठी चित्रपटनगरी म्हणून गिनेस बुकात नोंद. तिथं बसमध्ये बसवून फिरवतात, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न मिटला. सोलापूरमार्गे रेल्वे बघून ठेवली आहे. ह्या खेपेला आम्ही दोघंच नाही. स्टेशनजवळच्या कमलवहिनी येणार आहेत, त्यांचे मालक जाऊन तीन वर्षं झाली. शिवाय पंख्यांचा हिशेब ऐकवणारे ते काका परवा दारात येऊन विचारून गेले, “तितं बसायला बाकं हायत न्हवं?” वहिनी आतून ओरडल्या, “हायत की! पिशव्या तुमच्याकडंच देणार हाय.” फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार ठरलाय. आणखी कुणाला यायचं असेल तर सांगा, पाच-सहा जण झालो की रिक्षा परवडते.